तात्यांनी दिलेला शब्द आणि मित्रांबरोबरच्या कार्यक्रमाची सुपारी एकाच शुक्रवारी आली, काय करू?

दिवटीवाला

मंडळी, पेचात सापडलोय. जरा लांबण लावून सांगतो, कारण थोडक्यात सांगितलं तर उत्तर सोपं वाटेल आणि ते तसं नाही.

आम्ही गोंधळी. कदमराई, म्हणजे तुळजापूरच्या भवानीचे. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. गाव बार्शी तालुक्यात. अकराव्या वर्षी तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तुळजापुरात माझ्या गळ्यात कवड्यांची माळ घातली आणि घरी येऊन कमरेला संबळ बांधला. आज माझं वय ३८. तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो. कुणाकडे लग्नाचा कुळधर्म, कुणाकडे नवस फेडायचा. नवरात्रात नऊ दिवस पाठ जमिनीला लागत नाही. आषाढात लग्नं थांबली की बार्शीच्या मार्केट यार्डात पोती उचलतो. घरात आई, तात्या, बायको आणि नववीतली मुलगी.

याशिवाय आमचा चौघांचा ग्रुप आहे. ढोलकी, कीबोर्ड, एक गाणारा आणि मी संबळावर. हळदीचे कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंग, कंपन्यांचे समारंभ करतो. ढोलकीवाला माझा सातवीपासूनचा दोस्त. मुसलमान घरातला, त्याचे वडील तमाशाच्या फडात ढोलकीला होते. २०२० साली लॉकडाऊन लागला तेव्हा चैत्र-वैशाखातल्या सगळ्या तारखा गेल्या. त्याच मे महिन्यात लोकगायक छगन चौगुले करोनानं गेले, ती बातमी आम्ही दोघांनी त्याच्या ओट्यावर बसून ऐकली. त्या वर्षी त्यानं ढोलकी बाजूला ठेवून भाजीचा गाडा लावला होता. घरी जाताना उरलेली भाजी आमच्या दारात ठेवून जायचा, हाक न मारता. आपण घेतलेलं कुणी बघू नये म्हणून.

गेल्या भाद्रपदात तात्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले समज शाबूत आहे, जीभ वळत नाही. पहिल्या चार रात्री मी आणि तोच दवाखान्यात आलटून पालटून बसलो. त्यानं दर्ग्यात चादर कबूल केली, आईनं तुळजापूरला ओटी कबूल केली, आणि दोघं एकमेकांना सांगून.

आता त्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगावीच लागेल, पुढच्या सगळ्याचं मूळ तिथं आहे. ज्यांनी रात्रभराचा गोंधळ बघितलाय त्यांना करपल्लवी माहीत असेल. मध्यरात्री माणसं पेंगायला लागली की एक गोंधळी लोकांत फिरतो, कुणीतरी त्याच्या कानात एक नाव सांगतं, आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला दुसरा गोंधळी तेच नाव मोठ्यानं घेतो. लोकांना चमत्कार वाटतो. असते ती हाताची बाराखडी. आमच्या घरातल्या रीतीनं आधी पंजाची खूण अक्षरांचा वर्ग सांगते, मग बोटांनी त्यातलं अक्षर, मग चुटकीनं काना-मात्रा. मला तात्यांनी शिकवली आणि माझ्या मुलीला तिच्या आजोबांनी, माझ्याही नकळत, दुपारच्या वेळी खेळ म्हणून.

पाचव्या दिवशी तात्या सारखे डावा हात उचलायचे आणि नर्सबाई तो पुन्हा चादरीखाली ठेवायच्या. त्यांना वाटलं सलाइन ओढतायत. पोरगी डबा घेऊन आली, पायथ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आजोबा पाणी मागतायत. आणि म्हणतायत संबळ कुठं ठेवलाय, गार लागेल." तेव्हापासून आमच्या घरात तात्या डाव्या हातानं बोलतात. तोंडानं चार-दोन शब्द येतात, ते आईलाच कळतात.

आता पेच.

मार्गशीर्षातल्या एका शुक्रवारी पुण्यात एका कंपनीचा वार्षिक समारंभ आहे. संध्याकाळी सातला, पाऊण तासाचा कार्यक्रम. ग्रुपला ६०,००० रुपये. गाडी, साऊंड, कपडे वजा जाता माझ्या वाट्याला ९,००० येतात. उचल मिळाली, त्यातले माझे ४,००० मुलीच्या क्लासला भरून झाले. कार्यक्रमाची सुरुवातच संबळावर आहे. अंधारात मी एकटा वाजवत पुढं येतो आणि मग दिवे लागतात.

त्याच शुक्रवारी शेजारच्या गावातल्या आमच्या यजमान आजीकडे नवसाचा गोंधळ आहे. नातू सहा महिन्यांचा असताना मरणाच्या दारात होता, तेव्हा आजी बोलली होती, "पोर हाताला लागलं तर गोंधळ घालीन." पोर आता पाच वर्षांचं आहे. एका वर्षी पावसानं पीक कुजलं, दुसऱ्या वर्षी सोयाबीनला भाव नव्हता, असं करत राहिलं. यंदा तिनं दोन शेळ्या विकल्या, आमच्या घरी आली आणि तात्यांच्या पुढ्यात आमंत्रणाचा विडा ठेवला. वर ११ रुपये. मी यार्डात होतो. तात्यांनी डावा हात हलवला आणि पोरीनं वाचून दाखवलं, "आजी, येतो शुक्रवारी."

तात्यांना ग्रुपची तारीख माहीत नव्हती. मी सांगितली नव्हती, हे माझं चुकलं.

आमच्या पार्टीत आता नायक मीच. कथा तात्या सांगायचे, ती आता माझ्याकडे आली. चुलतभाऊ संबळ धरेल. पण मी नसलो तर गोंधळच नाही. आसपासच्या दोन पार्ट्यांना विचारलं, शुक्रवार आणि लग्नाची तिथी, कुणी मोकळं नाही.

पुण्याचं आठला उरकून निघालो तर एकपर्यंत गावी पोचतो. देवीच्या पूजेचा चौक मांडायला उशीर होईल, पण रात्र शिल्लक असेल. दोन्ही करावं का? की एक सोडावं, आणि कुठलं? ज्यांनी हे आयुष्य काढलंय त्यांनी सांगा.

जुना_झिलकरी

लेकरा, पन्नास वर्षं तुणतुणं धरलंय, म्हणून बोलतो. आधी एक सांग. विडा आधी आला की सुपारी आधी आली? आपल्यात पहिला विडा खरा. मग दुसरा सोन्याचं ताट घेऊन आला तरी त्याला हात जोडायचे.

दिवटीवाला

काका, सुपारी आधीची. विडा त्यानंतर अकरा दिवसांनी आला.

जुना_झिलकरी

मग धंद्याच्या नियमानं तू मित्रांचा बांधलेला आहेस. ऐकायला कडू लागेल, पण देवीचं नाव पुढं करून आधी दिलेला शब्द मोडणं हेही देवीला आवडायचं नाही. दोस्तानं तुझ्या दारात भाजी ठेवली, ते तूच वर लिहिलंयस.

तू आजीकडे जा. फोन करू नको, पोरीला पाठवू नको, स्वतः जा, ओसरीवर बस आणि सांग की माझ्याकडून असं झालं. वार काय, मंगळवारही देवीचाच, पौर्णिमाही देवीचीच. हल्ली तर पाहुण्यांना सुट्टी म्हणून शनिवारी-रविवारीही गोंधळ घालतात. दिवस बदलला म्हणून नवस वाया जात नाही. माझ्या आयुष्यात मी सुतकामुळं, पावसामुळं, एकदा तर यजमानाचा बैल मेला म्हणून दिवस बदललेले बघितलेत.

ध्वनीमित्र

मी पुण्यात कार्यक्रमांना साऊंड लावतो, दहा-बारा वर्षं झाली. कलाकाराच्या बाजूचं काका बोलले, मी दुसऱ्या दोन गोष्टी बोलतो.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: दोन्ही करायचा विचार डोक्यातून काढून टाका. कार्यक्रम सातचा म्हणजे साडेसात-पावणेआठ. भाषण लांबतं, बक्षिसं लांबतात. आठला निघतो म्हणणारा माणूस साडेनऊला गाडीत बसतो. त्यानंतर दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, आणि हा गाळपाचा हंगाम. सोलापूर रोडवरून आत वळलात की उसाच्या ट्रॉल्या. मागं लाल दिवा नाही, ऊस बाजूनं चार फूट बाहेर आलेला. आमच्यातला एक लायटिंगवाला अशाच एका ट्रॉलीखाली गेला. पहाटे दोनला सामान घेऊन घरी निघाला होता. मी त्याच गाडीच्या मागच्या गाडीत होतो. तुम्ही गाण्यासाठी गाडी पळवू नका, कुणासाठीच पळवू नका.

दुसरी: कंपनीला संबळ हवा आहे. तो तुमच्या हातातलाच हवा असं त्यांच्या कागदावर लिहिलेलं नसणार. बदली वादक मिळू शकतो, पण आयोजकाला आणि ग्रुपला आजच्या आज सांगा. आदल्या दिवशी सांगणारा माणूस पुन्हा बोलावला जात नाही. बारा-पंधरा दिवस आधी सांगून स्वतः बदली उभा करणाऱ्याला आम्ही लोक लक्षात ठेवतो. आणि त्या बदली माणसाबरोबर निदान दोन तालमी झाल्या पाहिजेत. अंधारात एंट्री आहे म्हणालात, ती तालमीशिवाय जमत नाही.

माहेरवाशीण

मी यजमानांच्या घरातली बाजू सांगते. आमच्या सासरी नवसाचा गोंधळ होता, माझ्या मोठ्या मुलाच्या वेळचा. सासूबाई आदल्या दिवशीपासून उपाशी. अंगण सारवलं, ज्वारीची पाच धाटं आणून ठेवली, पाट, नवा खण, तांदूळ, कलश, पानं, हळकुंडं, खारका, एकेक वस्तू त्यांनी स्वतः तीनदा मोजली. पार्टी रात्री एकला आली. कुठलातरी दुसरा कार्यक्रम करून आली होती, कपाळावरचा मळवट घामानं ओघळलेला. गण झाला, देवींना बोलावणं भराभर झालं, आख्यान वीस मिनिटांत गुंडाळलं आणि अडीचला आरती. सासूबाई कुणाला काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चौकातले तांदूळ गोळा करताना मला म्हणाल्या, "सगळ्या देव्या आल्या असतील का गं? एवढ्या घाईत?"

त्या गेल्या त्याला सहा वर्षं झाली. तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून दादा, जायचं तर रात्रभरासाठी जा. नाहीतर काका म्हणतात तसं दिवस बदलून घ्या. आजी समजून घेतील. घाईचा गोंधळ मात्र नको.

दिवटीवाला

सगळ्यांचं वाचलं. ताई, तुमचं दोनदा वाचलं. ध्वनीमित्र, दोन्ही करायचा विचार सोडला.

काल संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं आजीकडे गेलो. ओसरीवर बसलो, सगळं सांगितलं. तिनं पाणी दिलं, चहा दिला, आणि म्हणाली, "तुझी अडचण असंल तर बदलू की." एवढ्यात मला हायसं वाटलं. मग सहज विचारलं, मुलगा-सून कधी येणार. तर ते दोघं ऊसतोडीला गेलेत, दसऱ्यानंतर टोळीबरोबर. नातूही त्यांच्याबरोबर कारखान्याच्या तळावर आहे. मुकादमानं शुक्रवार-शनिवार असे दोनच दिवस सोडायचं कबूल केलंय, तेही मुलानं महिनाभर आधी सांगून ठेवल्यावर. त्यानंतर पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, सुट्टी नाही. हे आजीनं आपणहून सांगितलं नसतं. मी विचारलं म्हणून कळलं.

ज्याच्यासाठी नवस आहे ते पोरच नसेल तर मी बदललेल्या दिवशी गोंधळ कुणापुढं घालू?

जुना_झिलकरी

असं आहे तर माझं बोलणं मागं घेतो. नियम आपण रोजच्यासाठी धरतो, ही गोष्ट निराळी आहे. पण दोस्ताला आजच्या आज भेट. त्यानं नाही म्हटलं तर मग पुन्हा विचार करू. आणि उचल परत करायची तयारी ठेव. खिशात पैसे नसताना माफी मागायला जाऊ नये.

एक राहिलंच. तात्यांचा उजवा हात गेला म्हणतोस, तू कथा सांगणार, चुलतभाऊ संबळ धरणार. मग तुणतुण्याला कोण? मी आलो असतो, पण गुडघ्यांनी मला रात्रभर उभं ठेवलं नसतं.

दिवटीवाला

काका, घरात एकच आहे जिला येतं. पोरगी. तार लावायला तिला तात्यांनीच शिकवली. पण आमच्या पार्टीत बाईमाणूस उभं राहिल्याचं मी पाहिलेलं नाही.

जुना_झिलकरी

मीही पाहिलेलं नाही. मला विचारशील तर मन धजत नाही. तात्यांना विचार. माळ त्यांनी घातलेली, त्यांचाच अधिकार.

माहेरवाशीण

खंडोबाच्या जागरणात मुरळी असतेच की. आराधिणी देवीची गाणी म्हणतात, जोगवा मागतात. ज्या घरात "आजी, येतो शुक्रवारी" हा शब्द पोरीच्या तोंडून गेला, त्या घरात तिनंच तो पाळला तर देवी दारातून परत फिरेल, असं मला वाटत नाही. काका, तुमच्या वयाचा मान ठेवून बोलते.

कचेरीतला_माणूस

मूळ प्रश्नाशी याचा संबंध नाही, पण तात्यांबद्दल वाचून लिहितोय. मी पंचायत समितीत काम करतो. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे, आता तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलंय. २०२४ पासून मानधन महिन्याला ५,००० रुपये झालंय. वयाची पन्नाशी पूर्ण हवी आणि कलेत निदान १५ वर्षं काम केल्याचे पुरावे हवेत. उत्पन्नाचा दाखलाही लागतो. बहुतेक लोककलावंतांचं घोडं पुराव्यांवर अडतं, कारण रात्री गोंधळ घालून पहाटे निघून येणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र कोण देणार? तेव्हा जुन्या निमंत्रणपत्रिका, जत्रेच्या पावत्या, वर्तमानपत्रातलं कात्रण, फोटो, जे असेल ते गोळा करा. तुमच्या यजमान गावांच्या ग्रामपंचायतींकडून लेखी दाखले घ्या.

आणि मुलीचं जातीचं प्रमाणपत्र काढलंय का? गोंधळी भटक्या जमाती (ब) मध्ये येतात, पण त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. फिरस्त्या घरांत तोच नसतो. आजोबांचं शाळेत नाव असेल तर त्या शाळेचा दाखला आत्ताच काढून ठेवा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणारे आईबाप मी दरवर्षी बघतो.

दिवटीवाला

कचेरीतले दादा, मनापासून आभार. तात्या तिसरीपर्यंत शिकलेत, त्या शाळेत सोमवारी जातो. पेटीत जत्रेच्या पावत्या आहेत, आईनं देवाच्या कपड्यात गुंडाळून ठेवल्यात. त्या उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

दिवटीवाला

शुक्रवार होऊन चार दिवस झाले. तुम्ही सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

ढोलकीवाल्याकडे त्याच रात्री गेलो होतो. सगळं ऐकल्यावर तो बराच वेळ ढोलकीची वादी ओढत बसला. मग म्हणाला, "दहा ठिकाणी विचारलंस, मला सगळ्यात शेवटी. मी नाही म्हणेन असं वाटलं तुला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसऱ्या दिवशी तोच मोटारसायकलवर मला तुळजापूरला घेऊन गेला. तिथला एक बावीस वर्षांचा पोरगा तयार झाला. हात चांगला आहे, फक्त स्टेजची सवय नव्हती. तीन तालमी घेतल्या. अंधारात चालत पुढं यायचं, पाच पावलं झाली की थांबायचं, मग तोडा, हे त्याला मी माझ्या संबळावर शिकवलं. उचलीचे ४,००० यार्डातल्या टोळीच्या मुकादमाकडून घेऊन ग्रुपच्या हातात दिले, ते आता पोत्यांवर फिटतील. पुण्याचा कार्यक्रम नीट झाला. कीबोर्डवाला अजून माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, आज याच्या घरी गोंधळ, उद्या दुसऱ्याच्या घरी बारसं, मग ग्रुप कसा चालायचा? त्याचंही चूक नाही. जाईन त्याच्याकडे.

पोरीचं तात्यांना विचारलं. त्यांनी हातानं काहीच सांगितलं नाही. आईला खूण केली, आईनं खुंटीवरचं तुणतुणं काढलं आणि पोरीच्या मांडीवर ठेवलं.

मुलगा-सून रात्री नऊला आले, पोराला मध्ये बसवून मोटारसायकलवर. दोघांच्या हातावर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा होत्या. सुनेनं हात धुऊन लगेच चौकाला तांदूळ घातले. पोलीसपाटील येऊन सांगून गेले की दहानंतर स्पीकर नको. आम्ही लावलाच नव्हता. थंडीच्या रात्री संबळ शिवारभर ऐकू जातो.

दिवटी पेटवली, गण म्हटला, मग एकेका देवीला तिच्या गावाचं नाव घेऊन बोलावलं. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, सप्तशृंगगड, मग वाटेवरची, शिवेवरची, गावची, घरची. ताई, त्या वेळी तुमच्या सासूबाई माझ्या मनात होत्या. एकही नाव भराभर घेतलं नाही. वाटेवरचा म्हसोबासुद्धा सोडला नाही.

थंडीनं संबळाचं पान, म्हणजे वरचं कातडं, उतरत होतं. दर तासाला शेकोटीवर धरावं लागायचं, फार जवळ नाही, तळहाताला ऊब लागेल एवढंच. चुलतभाऊ पाणी प्यायला बसला की कुणीतरी ते काम करायचं. परशुरामाचं आख्यान लावलं होतं. त्यानं बेटासुराला मारलं आणि त्याच्या डोक्याचं आणि शिरांचं वाद्य करून रेणुकामातेपुढं वाजवलं, तिथून आमची वाद्यं आली, ही आमच्यातली कथा. मी ती तात्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलीय, स्वतः पूर्ण रात्रभर पहिल्यांदा सांगितली. दोन ठिकाणी अडलो. तात्या शेकोटीपाशी खुर्चीवर होते. अडलो तसा त्यांचा डावा हात मांडीवर हलला, पहिलं अक्षर मिळालं आणि पुढची ओळ आपोआप आली. लोकांना काही कळलं नाही.

दीडच्या सुमारास माणसं पेंगायला लागली. मी सवयीनं म्हणून गेलो, "आता नाव ओळखायचं." आणि तोंडातून गेल्यावर लक्षात आलं की ते तर तात्या आणि मी करायचो. तेवढ्यात पोरगी तुणतुणं घेऊन अंगणाच्या पार टोकाला, गोठ्याच्या भिंतीला जाऊन उभी राहिली आणि तात्यांकडे बघायला लागली.

चार-पाच नावं झाली. पोरांची, एका बैलाचं. तात्यांच्या कानात माणसं येऊन सांगायची, डावा हात वर व्हायचा आणि पलीकडून पोरीचा आवाज यायचा. अंगण जागं झालं. मग आजी उठली. काठी टेकत तात्यांपाशी गेली, पदर तोंडावर धरून त्यांच्या कानात काहीतरी बोलली. तात्यांनी तिच्याकडे बघितलं आणि हात सावकाश हलवला, एकेक अक्षर, चुकू नये म्हणून दोनदा.

पोरीनं नाव घेतलं. ते आजीच्या मालकांचं होतं. त्यांना जाऊन एकवीस वर्षं झाली. आजीनं जन्मात ते नाव तोंडानं घेतलेलं नाही, तिच्या पिढीतल्या बाया घेत नाहीत. तिच्या मुलानं मान खाली घातली. आजी म्हणाली, "पुन्यांदा म्हण गं." पोरीनं पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं.

आख्यान चारला संपलं. पोर आईच्या मांडीवर झोपलं होतं, आजीनं आरतीला त्याला उठवलं. त्याच्या कपाळाला कुंकू लावून दिवटीपुढं उभं केलं. "आई राजा उदो उदो" म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांत वर होता, झोपेतून उठलेल्या पोराचा असतो तसा. उजाडायला दिवटी शांत केली. आजीनं २,५०० रुपये, पायलीभर ज्वारी आणि चौकातला नारळ दिला. दिवस निघायच्या आत मुलगा-सून पुन्हा तळाकडे निघून गेले.

घरी यायला चुलतभावाच्या मित्राचा टेम्पो होता. तात्यांना पुढं बसवलं, मी दाराशी. गावची शीव ओलांडल्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि मला एवढंच विचारलं, पहाटे पान कोण तापवत होतं, शेवटपर्यंत आवाज उतरला नाही.

मी मागं बोट दाखवलं. पोरगी ज्वारीच्या पोत्याला टेकून झोपली होती.